‘सेट’चे ४३० अर्थ : एक दुरुस्ती

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्रजीतील ‘सेट’ या शब्दावर आलेले टिपण वाचले. या इवल्याशा शब्दाला ४३० अर्थ आहेत, इतके अर्थ दुसऱ्या कोणत्याही शब्दाला नाहीत, आणि यावरून इंग्रजीची श्रीमंती व मराठीचे तोकडेपण दिसून येते, असा त्या टिपणाचा एकूण सूर आहे. शब्दाविषयीचे कुतूहल मी समजू शकतो. इंग्रजी कागदपत्रांचे मराठी भाषांतर करण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली, आणि या एका शब्दाने मला जितका घाम फोडला तितका भल्या मोठ्या पारिभाषिक शब्दांनीही कधी फोडला नाही. मात्र टिपणात आकडा ज्या रीतीने मांडला आहे आणि त्यावरून जो निष्कर्ष काढला आहे, ते दोन्ही मला पटले नाहीत, म्हणून हे पत्र.

४३० हा आकडा हवेतला नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये २० खंडांत प्रसिद्ध झाली; तीतील ‘सेट’ या क्रियापदाच्या नोंदीवरून तो सांगितला जातो. त्या नोंदीत सुमारे ६० हजार शब्द आहेत, म्हणजे एका शब्दाचा अर्थ सांगायला एका कादंबरीइतका मजकूर खर्ची पडला आहे. या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरे व्हायला १९२८ साल उजाडले. त्या पहिल्या आवृत्तीतही सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती. तिचे १५४ मुख्य विभाग पाडलेले होते आणि शेवटचा विभाग ‘सेट अप’ या एका जोडीचा होता. त्यातील पोटअर्थांना एकेक इंग्रजी अक्षर देता देता वर्णमाला संपली, तेव्हा संपादकांना पुन्हा आरंभापासून दुहेरी अक्षरे वापरावी लागली. कोशकारांच्या दमछाकीची याहून बोलकी खूण मला तरी ठाऊक नाही.

परंतु ‘कोणत्याही शब्दाला इतके अर्थ नाहीत’ हे विधान आता खरे राहिलेले नाही. याच कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी एकेक करून नव्याने लिहिल्या जात आहेत. त्या ओघात ‘रन’ या क्रियापदाची पाळी आली, तेव्हा पीटर गिलिव्हर या संपादकांनी त्या एका नोंदीवर सुमारे नऊ महिने काम केले आणि अर्थांची संख्या ६४५ वर गेली. ही गोष्ट २०११ मध्येच जाहीर झालेली आहे. आपण जो विक्रम म्हणून छापला, तो मोडूनही बराच काळ लोटला आहे.

अर्थात आकडा जुना असणे ही लहान चूक झाली. आकड्याकडे पाहण्याची दृष्टी चुकली आहे, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. हे अर्थ मोजले कसे जातात, ते पाहू. पहिल्या आवृत्तीच्या वेळी शेकडो स्वयंसेवक वाचकांनी जुनी-नवी पुस्तके वाचून त्यांतील वाक्ये कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली. छापील कोशात सुमारे १८ लाख अवतरणे आली, ती या चिठ्ठ्यांतून निवडलेली होती. संपादक एका शब्दाच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरतो आणि त्यांचे गठ्ठे करू लागतो. ‘सापळा सेट केला’ ही चिठ्ठी एका गठ्ठ्यात जाते. पुढची चिठ्ठी ‘घड्याळ सेट केले’ अशी निघते. दोन्हींत एखादे यंत्र पुढच्या क्षणासाठी तयार करून ठेवणे आहे, मग गठ्ठा एकच ठेवायचा का? की घड्याळाच्या बाबतीत काटा ठरावीक जागी आणणे हा वेगळा भाग आहे, म्हणून दुसरा गठ्ठा करायचा? एक संपादक म्हणेल एकच, दुसरा म्हणेल दोन, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतील. त्यामुळे खिशात मावणारा कोश ज्या शब्दाला मूठभर अर्थांत आटोपतो, त्याच शब्दाला वीस खंडांचा कोश शेकडो अर्थ देतो. टोपलीतली फळे मोजावीत तसे शब्दाचे अर्थ मोजता येत नाहीत. ते पायवाटेवरच्या वळणांसारखे असतात, आणि वळण कोठे सुरू झाले याबद्दल दोन वाटसरूंचे एकमत होणे कठीण.

आणखी एक गोष्ट आहे, जिचा टिपणात उल्लेखच नाही. ज्याला आपण ‘सेट’ हा एक शब्द म्हणतो, तो मुळात दोन शब्दांचा संगम आहे. ‘ठेवणे, बसवणे’ या अर्थाचे क्रियापद जुन्या इंग्रजीतील ‘सेट्टन’ पासून आले, तर ‘एकत्र असणाऱ्या वस्तूंचा समूह’ या अर्थाच्या नामामागे जुन्या फ्रेंचमधील ‘सेट’ हा शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘सेक्ता’, म्हणजे अनुयायांचा मेळा, असा शब्द आहे. पंथ या अर्थाचा इंग्रजी ‘सेक्ट’ त्याच मुळाचा. लॅटिनमधील तो शब्द ‘मागे जाणे, अनुसरणे’ या धातूपासून बनला. त्या धातूचा संस्कृतातील भाऊबंद म्हणजे ‘सच्’, सोबत असणे, ज्यापासून आपला ‘सचिव’ आला. गणितात ज्याला आपण संच म्हणतो, तो ‘सेट’ या दुसऱ्या कुळातला. जॉर्ज कँटरने १८७० च्या दशकात या संकल्पनेचा पाया घातला तो जर्मन भाषेत, तेथे शब्दही वेगळाच होता. इंग्रजीने भाषांतर करताना आपल्याकडचा ‘सेट’ पुढे केला. दोन्ही शब्दांचा उच्चार एक, लेखन एक, त्यामुळे पुढे त्यांचे अर्थही एकमेकांत मिसळत गेले, ही गोष्ट खरी. तरी पण मराठीत ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सरकारी देणे आणि ‘कर’ म्हणजे करण्याची आज्ञा, हे सारे एका शब्दाचे वैभव आहे असे आपण म्हणत नाही. मग इंग्रजीला तेवढी सवलत का द्यावी?

आता क्रियापदाकडे येतो, कारण खरी गंमत तेथे आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. ‘सेट’ हे ‘सिट’चे प्रयोजक रूप आहे. पडणे आणि पाडणे यांत जे नाते आहे तेच इंग्रजीत ‘फॉल’ आणि झाड तोडून पाडणे या अर्थाच्या ‘फेल’ यांत आहे, आणि तेच ‘सिट’ व ‘सेट’ यांत. इंग्रजीत अशी प्रयोजक रूपे घडवण्याची सोय केव्हाच मोडीत निघाली, म्हणून आजच्या इंग्रजी भाषकाला हे नाते चटकन जाणवत नाही. मराठी माणसाला मात्र ते एका वाक्यात समजावून सांगता येते. या दोन्ही शब्दांचा मूळ धातू आपल्या परिचयाचा आहे: संस्कृतातील ‘सद्’, ज्यापासून सदन, संसद, परिषद, सभासद हे शब्द झाले. पक्ष्याच्या घरट्याला संस्कृतात ‘नीड’ आणि इंग्रजीत ‘नेस्ट’ म्हणतात, तेही याच धातूपासून बनलेले सख्खे भाऊ आहेत; दोहोंचा मूळ अर्थ ‘खाली बसण्याची जागा’. आपले ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’ या निराळ्या धातूतून उतरले आहे. त्यामुळे ‘सेट’ आणि ‘बसवणे’ यांचे साम्य रक्ताचे नाही, पण नजरेसमोरचे चित्र तेच आहे, आणि हे चित्र ध्यानात घेतले की ‘सेट’च्या अर्थांच्या गर्दीतली बरीचशी गर्दी ओसरते.

मोडलेले हाड इंग्रजीत ‘सेट’ करतात, आपण बसवतो. हिरा कोंदणात ‘सेट’ होतो, आपण बसवतो. एखाद्या गोष्टीवर इंग्रजीत मन ‘सेट’ होते, मराठीतही मन बसते. ओले सिमेंट ‘सेट’ होते म्हणजे त्याचा हलतेपणा जाऊन ते आपल्या जागी बसते. येथे स्थापत्याचे जाणकार ‘सेट होणे’ आणि ‘कठीण होणे’ यांत काटेकोर भेद करतात, कारण पहिले काही तासांत उरकते आणि दुसरे कित्येक दिवस चालू राहते. सिमेंट कितपत बसले ते पाहण्यासाठी एक बारीक सुई त्यात सोडून ती किती खोल जाते हे मोजतात. फ्रेंच अभियंता लुई विका याच्या नावाने ते उपकरण ओळखले जाते. फुलातून फळ धरते त्याला बागायतीच्या इंग्रजीत ‘फ्रूट सेट’ म्हणतात. आपला ‘फळधारणा’ हा शब्द तेथे अधिक देखणा आहे, असे माझे मत. धावण्याच्या शर्यतीत ४०० मीटरपर्यंतच्या अंतराला ‘ऑन युअर मार्क्स’ या हुकमानंतर ‘सेट’ असा दुसरा हुकूम देतात, आणि त्यानंतर धावपटूने कंबर उचललेल्या स्थितीत अगदी निश्चल राहायचे असते. त्याहून लांबच्या शर्यतींत हा हुकूमच नसतो. तेथील ‘सेट’चा अर्थ ‘तयार’ असा सर्रास सांगितला जातो, पण खरा भर आहे तो जागच्या जागी स्थिर होण्यावर.

करवतीचे उदाहरण मला विशेष आवडते, कारण त्या अर्थाने हा शब्द मला प्रथम भेटला तेव्हा मी पुरता चकलो होतो. सुतारकामाच्या अवजारांच्या एका माहितीपत्रकात करवतीच्या दातांचा ‘सेट’ तपासून घ्यावा असे लिहिले होते. मी ‘दातांचा संच’ असे लिहून मोकळा झालो. पुढे एका सुताराने करवत डोळ्यांसमोर आडवी धरून दाखवली: एक दात किंचित डावीकडे, पुढचा किंचित उजवीकडे, असे आळीपाळीने वाकवलेले. त्यामुळे लाकडात पडणारी चीर पात्याच्या जाडीपेक्षा रुंद होते आणि पाते अडकत नाही. तो वाक म्हणजे ‘सेट’. दात त्या कोनात बसवलेले असतात, एवढे लक्षात आले असते तरी मी संचाच्या मागे लागलो नसतो.

सूर्य ‘सेट’ होतो, तेव्हा त्याला कोण बसवते, असा प्रश्न माझ्या मनात अनेक वर्षे होता. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेट्लगांग’ असा एक शब्द होता. ‘सेट्ल’ म्हणजे आसन आणि ‘गांग’ म्हणजे जाणे. दिवसभराची वाटचाल संपवून सूर्य आसनाकडे जातो, अशी ती कल्पना. संस्कृतातील ‘अस्त’ या शब्दाचा वैदिक अर्थ घर असा आहे, आणि ‘अस्तास जाणे’ म्हणजे मुळात घरी जाणे. इतक्या दूरच्या दोन भाषांनी मावळत्या सूर्याला विसाव्याच्या जागीच पाठवावे, हे मला ४३० या आकड्यापेक्षा अधिक विस्मयकारक वाटते.

मराठीच्या तोकडेपणाविषयी फार लिहीत नाही. केवळ ‘बसणे’ हे क्रियापद घेतो. घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, जम बसतो, चटका बसतो, हात बसतो, आळा बसतो, खर्च बसतो, परीक्षेला बसतात, आणि ‘तो रडत बसला’ यात तर बसलेला माणूस प्रत्यक्षात उभाही असू शकतो. प्रयोजक रूप घेतले तर नाटक बसवतात, कर बसवतात, घडी बसवतात, शब्द वृत्तात बसवतात. यांतील एकेक वापर परभाषी माणसाला शिकवून पाहावा, म्हणजे ‘सेट’ शिकताना आपली जी तारांबळ उडते तीच त्याची उडालेली दिसेल. ‘लागणे’ या क्रियापदाकडे तर मी वळतही नाही, कारण मग हे पत्र आपल्या पुरवणीतही मावणार नाही. जे शब्द रोजच्या व्यवहारात सर्वाधिक झिजतात, त्यांनाच सर्वांत जास्त अर्थ चिकटतात, आणि हे कोणत्याही भाषेत असेच घडते.

इंग्रजी ‘सेट’ची एक अडचण मात्र खरोखर त्याची स्वतःची आहे. वर्तमानकाळ, भूतकाळ आणि भूतकाळवाचक धातुसाधित या तिन्ही ठिकाणी त्याचे रूप बदलत नाही. शिवाय नाम आणि विशेषण म्हणूनही तो तसाच्या तसा येतो. ‘दे सेट द रूल्स’ या वाक्यात ते नियम ठरवतात की त्यांनी ठरवले, हे पुढचे-मागचे वाचल्याशिवाय कळत नाही. त्यात शेपटाला एखादे छोटे अव्यय लागले की अर्थाची दिशाच फिरते. ‘सेट इन’ म्हणजे थंडी किंवा जंतुसंसर्ग येऊन ठाण मांडणे. ‘सेट डाउन’ म्हणजे प्रवाशाला उतरवणे किंवा मजकूर लिहून ठेवणे. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे, स्फोट घडवणे, एका रकमेची दुसरीशी वजावट करणे, किंवा एका रंगाने दुसऱ्याला उठाव देणे. ‘सेट अबाउट’ तर कामाला लागणे आणि माणसावर तुटून पडणे या दोन्हींसाठी चालते.

या अव्ययांपैकी एकाने मला आयुष्यभर पुरेल असा धडा दिला. माझ्या उमेदीच्या काळात एक गृहस्थ वरिष्ठ न्यायालयाच्या निकालाची प्रत भाषांतरासाठी घेऊन आले. खालच्या न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध दिलेला आदेश ‘सेट असाइड’ करण्यात येत आहे, असे त्यात वाक्य होते. मी निर्धास्तपणे ‘आदेश बाजूला ठेवण्यात येत आहे’ असे लिहून दिले. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘म्हणजे अजून निकाल नाहीच? बाजूला ठेवलेला पुन्हा हातात कधी घेणार?’ असे त्यांनी मला विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन दिवसांनी दुसऱ्या एका कागदात तेच शब्द पुन्हा समोर आले, तेव्हा मी कायद्याचा कोश उघडला. न्यायालयाच्या भाषेत ‘सेट असाइड’ म्हणजे रद्द करणे. ते गृहस्थ खटला जिंकले होते, आणि माझ्यामुळे दोन रात्री हरलेल्या माणसासारखे झोपले होते. मी त्यांच्या घरी जाऊन नवी प्रत दिली आणि पैसे परत केले. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक चिठ्ठी चिकटवलेली असे: निकाल ‘सेट असाइड’, म्हणजे रद्द, निधी ‘सेट असाइड’, म्हणजे राखीव, मतभेद ‘सेट असाइड’, म्हणजे तूर्त बाजूला. पहिल्यात वस्तू संपते, दुसऱ्यात ती जपली जाते, तिसऱ्यात ती तशीच राहून फक्त नजरेआड होते.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की त्याच रविवारच्या अंकात, आपल्या टिपणापासून चार पानांवर, ‘शिक्षा बाजूला ठेवली’ असा एका परदेशी खटल्याच्या बातमीचा मथळा होता. बातमी खालपर्यंत वाचल्यावर आरोपीची सुटका झाल्याचे कळते, म्हणजे शिक्षा रद्द झाली होती. एका पानावर ‘सेट’च्या ४३० अर्थांचे कौतुक आणि दुसऱ्या पानावर त्यांतल्याच एका अर्थाने घेतलेली ही विकेट, असा योग एकाच अंकात जुळून यावा याचे मला हसूही आले. वृत्तसंस्थेकडून आलेला मजकूर घाईत मराठीत आणताना काय होते ते मी जाणतो. छपाईच्या ज्या काळात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवणाऱ्यांच्या कामालाही इंग्रजीत ‘सेट करणे’ म्हणत, त्या काळात जुळारी मजकूर डोळ्यांखालून घालताना अशी चूक कधीकधी पकडत असे. आता तो दुवा उरलेला नाही.

एक गोष्ट टिपणकर्त्यांच्या बाजूनेही सांगायला हवी. ‘सेट’ आता मराठीतही चांगलाच रुळला आहे, आणि नुसता रुळलेला नाही तर त्याने येथे स्वतःचा संसार थाटला आहे. चित्रपटाचा सेट, टेनिसचा सेट, कपबश्यांचा सेट हे तर आहेतच. ‘मुलगा आता सेट झाला’ यात ‘सेटल’ची शेपटी गळून पडली आहे. ‘त्यांची आत सेटिंग आहे’ या वाक्यातला छुप्या हातमिळवणीचा अर्थ तर इंग्रजी कोशात शोधूनही सापडणार नाही. तो आपण घातलेला आहे. उद्या कोणी या शब्दाच्या अर्थांची नव्याने मोजदाद केलीच, तर हा अर्थ मराठीच्या खात्यावर मांडावा लागेल.

तेव्हा दोन विनंत्या आहेत. पुढील रविवारी ४३० हा आकडा ‘१९८९ च्या आवृत्तीनुसार’ अशा शब्दांसह आणि ‘रन’च्या ६४५ अर्थांच्या उल्लेखासह दुरुस्त करून छापावा. आणि त्या खटल्याच्या बातमीत ‘बाजूला ठेवली’च्या जागी ‘रद्द केली’ अशी दुरुस्ती द्यावी. ही दुसरी विनंती मला पहिलीपेक्षा अधिक निकडीची वाटते.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भाषांतरकार